लिफ्टचं दार कुठे उघडतं

चर्चच्या जुन्या जागेवर नवी इमारत, खाली चर्च आणि वर ज्येष्ठांसाठी घरं, असा एक आराखडा वर्षभर माझ्या टेबलावर लोळतोय. मी आर्किटेक्ट, त्या चर्चच्या मंडळीची सभासद नाही. परवाच्या बैठकीत मी हौसेने नकाशा पसरला. घरांची लिफ्ट थेट चर्चच्या प्रवेशदालनात उतरत होती. "पावसापाण्यात बाहेर न पडता उपासनेला येता येईल," असं मी वर सांगितलंही. चर्चच्या पाळकांनी मान डोलावली.

तिथे राहायला यायचं म्हणणाऱ्या, पंचाहत्तरीच्या एक बाई चष्मा कपाळावर सरकवून नकाशावर वाकल्या. "अगं, रविवारी सकाळी मला कचरा टाकायला खाली यायचं झालं तर? सगळे उभे राहून गातायत आणि मी गाऊनमध्ये, हातात पिशवी घेऊन मधून चाललेय!"

सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले. चर्चला येणं सोपं करायच्या नादात न येणं मी अवघड करून ठेवलं होतं. रोज येता-जाता ज्याला वेदीसमोरून जावं लागतं, त्याला न विचारताच हजेरीपटावर घेतलंय.

आधी मला वाटायचं, चर्च आणि घरं एका आवारात आणली की चैतन्य आपोआप येतं. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरातली फुगेराय ही जुनी वसाहत पाहिली तेव्हापासून तर जास्तच. याकोब फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने १५२१ मध्ये गरजू कॅथलिकांसाठी ती वसवली. ६७ घरं, आत स्वतःचं छोटं चर्च, आणि भाडं आजही वर्षाला ०.८८ युरो. त्याशिवाय राहणाऱ्याने रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, संस्थापकाच्या घराण्यासाठी. माझं मन मात्र अडकलं ते दारावरच्या घंटा ओढायच्या कड्यांत. लोखंडी, आणि प्रत्येकीचा आकार वेगळा. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून, असं सांगतात. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्यासाठी याहून चांगली युक्ती मला अजून सुचलेली नाही. कड्या मी बिनदिक्कत उचलणार आहे. प्रार्थनेची अट नाही उचलता येत. 'सर्वांसाठी घरं' असं पाटीवर लिहायचं, तर ज्यांनी आयुष्यात कधी चर्चची पायरी चढली नाही, तेही त्या 'सर्वां'त आले.

आणि ज्यांना तिथून हाकललं गेलं, तेही. त्याच बैठकीत मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आम्ही दोघं पुरुष, तीस वर्षं एकत्र राहतोय. फॉर्मवर 'नातं' या रकान्यात काय लिहायचं?" खोलीत जरा चुळबुळ झाली. बर्लिनमध्ये 'लेबेन्सओर्ट फीलफाल्ट' हे घर २०१२ मध्ये सुरू झालं. तिथे वयस्क समलिंगी पुरुषांबरोबर स्त्रियाही राहतात, स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी सामायिक फ्लॅट आहे, म्हणजे हा प्रश्न तिथे दारातच सुटलेला असतो. आमच्याकडे तो रकाना कुणी तपासायचा हेच ठरलेलं नव्हतं. माझं मत मी सांगून टाकलं: घरांचे अर्ज आणि भाडेकरार चर्चच्या कचेरीतून जाता कामा नयेत. पाळक कितीही भले असोत, पाळक बदलतात.

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या एका मंडळीने तर आपली इमारत जागेसकट परवडणारी घरं बांधणाऱ्या संस्थेला विकली. तिथे २०१९ मध्ये १७३ घरं उभी राहिली आणि मंडळी तळमजल्यावर भाडेकरू म्हणून परतली. (ती घरं फक्त ज्येष्ठांची नाहीत.) आमच्या विश्वस्तांना हे सांगितल्यावर एकाने "म्हणजे आपण भाडं भरायचं?" असं ज्या सुरात विचारलं, तो सूर लिहून दाखवता येत नाही.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने सरळ आहेत. ऑर्गनचे खर्जातले सूर स्लॅबमधून थेट पहिल्या मजल्यावरच्या पलंगापर्यंत पोचतात, तेव्हा ते बांधकामातच अडवावे लागतील. उंच छताखाली गाणं घुमून सुंदर लागतं, पण श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला प्रवचनाचा नुसता काला ऐकू येतो. म्हणून दालनाच्या जमिनीत इंडक्शन लूप घालायचा. त्या तारेच्या फेऱ्यातून माइकचा आवाज थेट यंत्रात जातो. मंगळवारी तिथे भाडेकरूंची सभा असो की फिजिओथेरपीचा वर्ग, लूप तोच.

काल दुसरा नकाशा घेऊन गेले. लिफ्ट आता बाजूच्या अंगणात उघडते. अंगणातून एक दार चर्चला, एक सामायिक दालनाला आणि एक सरळ रस्त्यावर. बाईंनी पुन्हा चष्मा वर सरकवला. बोटाने लिफ्टपासून कचऱ्याच्या जागेपर्यंतची वाट काढली, मग उलटी परत. "हं," म्हणाल्या. बोट चर्चच्या दारापाशी थांबलं.

"इथे बाहेर एक बाक टाक. आत नाही यायचं मला, पण गाणं ऐकेन."