अट क्रमांक १४

मी एका बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात आहे. बँकेचं नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो. कार्डाबरोबर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेले अटी-शर्तींचे कागद येतात ना, त्यांचा पहिला मसुदा माझा असतो. वकील नंतर त्यात स्वल्पविराम वाढवतात. अकरा वर्षांत ते कुणी वाचलेत असं कधी कानावर आलं नव्हतं. घरी बायकोकडे आमचंच कार्ड आहे, तिनेही वाचलेले नाहीत.

साहेबांनी शुक्रवारी संध्याकाळी बोलावलं. "रविवारी सहारला एका हॉटेलात मेळावा आहे. विमानाचे पॉइंट जमवणाऱ्यांचा. जाऊन बस, ऐक, सोमवारी टिपण दे. आणि आपल्या ऑफिसचं ओळखपत्र खिशात राहू दे."

डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, पुढे रिक्षा. रविवार गेला म्हणून मी आधीच चिडलेलो. दारातल्या टेबलावर प्रवेश फी भरायला कार्ड पुढे केलं, तर पावती फाडणारा मुलगा कार्ड बघून थबकला. "सर, हे कशाला? यावर इथे एकपट पॉइंट पडतील. दुसरं नाही का एखादं?" ते कार्ड आमचंच होतं. एकपट पॉइंटांचा हिशेब मीच एक्सेलमध्ये बसवला होता. "असू दे," म्हणालो. त्याने रुग्णाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

सुटाबुटातली, सोन्याच्या घड्याळांची माणसं असतील अशी माझी कल्पना. आत दोनेकशे खुर्च्यांवर सीए, नाशिकचा एक दंतवैद्य, बोटीवर काम करणारे दोघे, नुकती नोकरी लागलेली पोरं आणि बऱ्याच जणांच्या मांडीवर वह्या. हो, वह्या. एकाने तर पाकिटातून जेट एअरवेजचं जुनं प्लॅटिनम कार्ड काढून दाखवलं. कंपनीचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, पॉइंटांची योजना मात्र नाव बदलून पुढे चालू राहिली. विमानं गेली आणि पॉइंट उरले, यावर त्या टेबलावर लोक खूप हसले. मला हसू आलं नाही. आमच्या धंद्याचं गुपितच ते. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी प्रवाशांना मैल, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, देणारी अॅडव्हांटेज योजना काढली ती गिऱ्हाईक धरून ठेवायला. पुढे विमान कंपन्यांना कळलं की बँकांना मैल घाऊक विकणं हाच एक वेगळा धंदा आहे. आमच्यासारख्या बँका तेच विकत घेऊन तुमच्या किराण्याच्या बिलावर चमचा-चमचा वाटतात.

व्यासपीठावरच्या पहिल्या वक्त्याने पुडिंगची गोष्ट सांगितली. ती या मंडळींची सत्यनारायणाची कथाच असावी, कारण निम्मं सभागृह ओठ हलवत होतं. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरच्या ध्यानात आलं की एका खाद्यकंपनीच्या दहा वेष्टनांवर पाचशे मैल मिळतात, आणि लवकर पाठवली तर हजार. सगळ्यात स्वस्त माल म्हणजे पुडिंगचे कप. त्याने १२,१५० कप घेतले, खर्च तीन हजार डॉलरच्या थोडा वर. एवढी वेष्टनं सोलणार कोण, म्हणून त्याने पुडिंग सॅल्व्हेशन आर्मीला दान दिलं आणि त्यांच्या स्वयंसेवकांकडून ती सोलून घेतली. मैल मिळाले बारा लाखांहून जास्त. टाळ्या पडल्या. मी मात्र त्या खाद्यकंपनीत योजनेचा मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाचा विचार करत बसलो. 'एका व्यक्तीस कमाल' हे तीन शब्द तो विसरला होता.

दुसऱ्या वक्त्याचं एक वाक्य मी टिपणात उतरवलं: पॉइंटाला व्याज नसतं, फक्त घसारा असतो. खरं आहे. प्रत्येक पॉइंट आमच्या वहीत देणं म्हणून बसतो. किती लोक तो कधीच वापरणार नाहीत याचा अंदाज बांधायला अॅक्चुअरी असतात. न वापरलेल्या पॉइंटांना आम्ही 'ब्रेकेज' म्हणतो आणि तिमाहीच्या बैठकीत ते वाढलं की साहेब बिस्किटं मागवतात.

चहाच्या वेळी ठाण्याचा एक तरुण भेटला. प्रत्येक दुकानाच्या कार्ड मशिनमागे चार आकडी कोड असतो, धंद्याचा प्रकार सांगणारा, आणि पॉइंट त्यावरून पडतात. ५४११ म्हणजे किराणा, ५८१२ म्हणजे उपाहारगृह. याच्या वहीत घोडबंदर रोडवरची दुकानं कोडाप्रमाणे लावलेली. "हा मिठाईवाला हॉटेल म्हणून नोंदलाय," तो हळूच म्हणाला, "दिवाळीची सगळी खरेदी तिथूनच. पाचपट." अशी माहिती आमच्याकडे असते, पण आम्हाला ती शोधायला आठवडा लागतो.

जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू होत्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पार्ल्याच्या. गणित शिकवायच्या, आता निवृत्त. "यांचे गुडघे गेलेत हो," त्या म्हणाल्या. "लेक फ्रँकफर्टला. मागच्या सीटवर आठ-नऊ तास बसवत नाही त्यांना. पैसे टाकून पुढच्या वर्गाची तिकिटं काढायची म्हणजे फंडच मोडायचा. म्हणून हा उद्योग."

टेबलाशी बसल्यावर त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. एका नजरेत कळलं. परिच्छेदांची रचना माझी होती. एका प्रतीवर जानेवारी लिहिलेलं, दुसरीवर जुलै, आणि दोन्हींवर अट क्रमांक १४ पेन्सिलने चौकटीत.

"बघा तुम्हाला समजतंय का," काकू म्हणाल्या. "पॉइंट विमान कंपनीत वळवताना जो भाव मिळतो, तो बँक बदलू शकते. ठीक आहे, बदलणारच. पण जानेवारीत इथे 'विथ प्रायर नोटीस' आहे. जुलैत 'विदाउट' झालंय. बाकी अख्ख्या कागदात एक अक्षर हललेलं नाही. मग एवढंच का हलवलं?"

मी भात कालवत राहिलो. तो शब्द मी बदलला होता, रात्री साडेदहाला, वकिलांच्या फोननंतर. आणि गुरुवारीच फाईलवर शेवटची सही झाली होती: पुढच्या महिन्यापासून एकास एकऐवजी दोन पॉइंटांना एक मैल.

"किती आहेत तुमचे?" मी विचारलं.

"एक लाख ऐंशी हजार. वळवायचे तर परत घेता येत नाहीत ना. विमानात जागा नाही मिळाली तर तिकडेच अडकले. आणि दिवाळीला वळवण्यावर बोनस येतो म्हणतात. म्हणून थांबलेय. थांबू की नको?"

मनातल्या मनात भागाकार झाला. नव्वद हजार. एका माणसाचं जाण्याचं तिकीट त्यात बसलं असतं, काकांच्या शेजारी काकू नसत्या.

सांगता येत नव्हतं. ही फाईल बाहेर फोडणं म्हणजे नोकरी गेलीच, आणि नोकरीचा प्रश्न नसता तरी एका काकूंना सांगायचं आणि बाकीच्यांना नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? आणि न सांगणं कुठल्या, तेही सुचेना. "मला यातलं फारसं कळत नाही, काकू," एवढं पुटपुटलो.

"तुम्ही कुठे असता?"

"खासगी नोकरी."

"हो, पण कुठे?"

"बीकेसीला."

बीकेसी म्हणजे बँकांच्या ऑफिसांचा भाग. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. गणिताच्या बाई वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे बघतात तशा नव्हे. ज्याला उत्तर येतंय पण हात वर करत नाही, त्याच्याकडे बघतात तशा. पुढे काही विचारलं नाही. पेन्सिल पिशवीत टाकली, कागदांची घडी केली. "कोशिंबीर घ्या, चांगली झालीय," म्हणाल्या.

दुपारचं सत्र मला आठवत नाही. विमानतळाच्या लाउंजमध्ये कार्ड घासलं की दोन रुपये का कापतात यावर कुणीतरी अर्धा तास बोललं, एवढं टिपणात आहे. निघताना लॉबीत काकू सोफ्याच्या कडेला बसलेल्या दिसल्या. चष्मा कपाळावर, फोन डोळ्यांशी, आणि सहा आकडे एकेक करून पुटपुटत होत्या. ओटीपी कशाचाही असतो. मी मागच्या दाराने बाहेर पडलो.

सोमवारी चार पानी टिपण दिलं. कोडांबद्दल होतं, मिठाईवाल्याबद्दल नव्हतं. काकूंचं नाव मला बिल्ल्यावरून कळलं होतं, सिस्टिममध्ये शोधलं असतं तर वळवले की नाही ते समजलं असतं. शोधलं नाही. साहेबांनी पानं चाळली, चष्मा काढला.

"आणि आपले कागद? ते वाचतं का रे कुणी?"

"नाही सर," मी म्हणालो. "कोण वाचतंय."