पहिलं सरकारी थँक्सगिव्हिंग : यॉर्क ते व्हॅली फोर्ज

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आभार मानायच्या सणाच्या, लाँग वीकेंडला न्यू जर्सीतल्या एडिसनमधली आमची निम्मी मित्रमंडळी आउटलेट मॉलला पळतात, आम्ही यंदा सासूबाईंना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला गेलो. अमेरिकेतल्या पहिल्या राष्ट्रीय थँक्सगिव्हिंगचा कागद तिथे मंजूर झाला होता, १ नोव्हेंबर १७७७ ला, इंग्रजांविरुद्धच्या ऐन स्वातंत्र्ययुद्धात.

यॉर्क म्हणजे तेव्हा पळून आलेल्या सरकारचं गाव. सप्टेंबरात इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं, काँग्रेस, म्हणजे बंड केलेल्या राज्यांची प्रतिनिधी सभा, लँकेस्टरला एक दिवस बसली आणि मग सस्क्वेहाना ओलांडून यॉर्कच्या कोर्टात आली, मध्ये एवढी मोठी नदी असली की शत्रू पटकन पोचत नाही. (पुलावरून जाताना हे लगेच पटतं, काय रुंद पात्र आहे!) कोर्टाची मूळ इमारत १८४१ मध्येच पाडली, आज दिसते ती नंतर पुन्हा उभारलेली, त्यामुळे फार भारावून वगैरे जायला होत नाही.

पण कागद मस्त आहे. ऑक्टोबरात साराटोगाला इंग्रजांचा जनरल बर्गॉइन शरण आला, ती बातमी पोचली आणि काँग्रेसचा सदस्य सॅम्युएल अ‍ॅडम्सने मसुदा केला: गुरुवार, १८ डिसेंबरला सगळ्यांनी देवाचे आभार मानावेत, पापांची कबुली द्यावी, पुढच्या यशासाठी प्रार्थना करावी, कष्टाची कामं आणि करमणूक त्या दिवशी नको. आणि हा हुकूम नव्हताच बरं का, राज्यांना नुसती शिफारस! कारण काँग्रेसला कर बसवायचाही अधिकार नव्हता, सैन्यासाठी पैसे, धान्य, कपडे सगळं राज्यांकडे मागायचं, मिळालं तर मिळालं.

ते किती मिळत होतं ते बघायला गल्फ मिल्सला गेलो, किंग ऑफ प्रशिया मॉलच्या जवळच. रस्त्याच्या कडेला एक स्मारकाचा दगड, बाजूने गाड्या सुसाट, बाकी काही नाही. इथे सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य डिसेंबरात पडून होतं. साराटोगा जिंकणारे बरेचसे वेगळे, यातले बहुतेक ब्रँडीवाइन आणि जर्मनटाउनच्या लढायांत हरून आलेले. १७ तारखेला वॉशिंग्टनचा आदेश निघाला की उद्या काँग्रेसने ठरवलेला आभाराचा दिवस, मुक्काम हलवायचा नाही, पाद्र्यांनी आपापल्या ब्रिगेडमध्ये प्रार्थना घ्यावी.

जोसेफ प्लंब मार्टिन नावाचा सतरा वर्षांचा शिपाई तिथे होता, म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. दोन-तीन दिवसांच्या उपाशी पोटावर सणाचं जेवण मिळालं ते अर्धा गिल तांदूळ, म्हणजे पाव कप, आणि एक चमचा व्हिनेगर. मग प्रवचन. पाद्र्याने बायबलातला शिपायांना केलेला उपदेश घेतला, कोणावर जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, पण त्याच वाक्याचं शेवटचं टोक, ‘आपल्या पगारात समाधानी राहा’, ते गाळलं! मार्टिनने बरोबर पकडलंय. हेन्री डिअरबॉर्न या अधिकाऱ्याने तर डायरीत लिहिलं की जिवंत आहोत, मित्रांसारखे थडग्यात नाही, तेवढ्याचेच आभार. एका लष्करी डॉक्टरला मात्र त्या रात्री भाजलेलं डुक्कर मिळालं होतं, ते कुठून आलं देव जाणे.

सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, “म्हणजे पगार थकलाय आणि ऑफिसात सत्यनारायण.”

दुसऱ्या दिवशी, १९ ला, सैन्य व्हॅली फोर्जला हिवाळ्याच्या मुक्कामाला गेलं. आता तिथे मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, तिकीट नाही. लाकडी झोपड्या पुन्हा बांधून ठेवल्यात, चौदा बाय सोळा फूट, एकीत बारा जण. आत उभं राहिलं तरी कोंदटतं. त्या मुक्कामात सुमारे २००० माणसं गेली, लढाई न होता, तापाने आणि हगवणीने.

काँग्रेसने मग १७८४ पर्यंत दरवर्षी असे आभाराचे दिवस जाहीर केले. आमच्या परतीच्या वाटेजवळ प्रिन्स्टन लागतं, तिथलाही एक आहे, १७८३ चा, शांतता झाल्याबद्दलचा. काँग्रेस प्रिन्स्टनला कशी पोचली? तर जूनमध्ये फिलाडेल्फियात थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी तिला घेराव घातला होता, म्हणून तिथून निघून आली होती.