निम्मी मृगबाग, निम्मी कांदेबाग

यंदाही नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं होतं की सगळं रान केळीच्या मृगबागेलाच, म्हणजे जूनमधल्या लागवडीलाच घालू. पावसावर रोपं लवकर धरतात, पाण्याची ओढाताण कमी. खरंय त्यांचं. पण मृगाला लावलेली केळी पुढच्या मे-जूनपासून कापणीला येते आणि आमच्या जळगावातल्या रावेर-यावल पट्ट्यात वादळी वारं सुटतं तेही तेव्हाच. घड भरलेला, झाड वरून जड. दहा मिनिटांत ओळीच्या ओळी आडव्या.

म्हणून निम्मं रान मृगाला, निम्मं कांदेबागेला, म्हणजे केळीच्याच ऑक्टोबरातल्या लागवडीला. कांदेबाग काही सुखाची नाही. कोवळ्या रोपांना जानेवारीत थंडीचा चरका बसतो, पानं पिवळी पडून वाढ थबकते. पुढे निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, ऐन उन्हातान्हात. पण दोन्ही बागा एकाच फटक्यात जात नाहीत, एवढंच माझं गणित.

थंडीत रात्री ड्रिप सोडते. विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. रात्रपाळीच्या लाईटला एरवी शिव्या, त्या दिवसांत मात्र तीच बरी वाटते. पहाटे बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर करायचा. वाऱ्याच्या बाजूला शेवरी आणि गजराज गवत दाट लावलंय. उन्हाळ्यात वारं अडवायला तिथेच जुन्या साड्या बांधतो. एक माझ्या लग्नातली आहे, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

भांडण झालं ते गिलक्यांवरून. पावसाळी ढगाळ हवेत कोवळ्या केळीवर हरण्या रोग येतो. त्याचा विषाणू मावा ही कीड पसरवते आणि काकडी, गिलकी असल्या वेलांवरही तो असतो. हरण्या दिसलेलं झाड उपटून गाडायचं, औषध नाही. नानांनी बांधावरचा गिलक्यांचा वेल काढला, पण दोन दिवस बोलले नाहीत.

फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो. थंडीच्या भरपाईसाठी पारा सलग ३ दिवस ८ अंशांवर किंवा खाली हवा, तोही महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. आमचं रान नदीकडचं, खोलगट. गारठा तिथे जास्त साचतो, पण तो मोजणार कोण? तरी हप्ता भरते. वाऱ्याने बाग पडली तर ७२ तासांत कळवावं लागतं. त्यामुळे आधी फोटो, मग रडणं, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय.