पाचगणीत १५ पाउंड पुरत नाहीत

माझ्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसता बसता पेशंट विचारतात, "मॅडम, ही इन्स्ट्रुमेंट्स सगळी उकळून घेतलीयत ना?" विचारायलाच हवं. पण उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर. इथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. आणि अगदी १०० अंशांना उकळलं तरी काही जिवाणूंचे स्पोअर, म्हणजे कवचात झोपलेलं त्यांचं चिवट रूप, त्यात तग धरतात. म्हणून दातांच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची वाफ. पाकीटबंद इन्स्ट्रुमेंट्स असतील तर साध्या यंत्रात १२१ अंशांना अर्धा तास, व्हॅक्यूमच्या, म्हणजे आधी आतली हवा ओढून काढणाऱ्या यंत्रात १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटं.

आता डोंगरावरची गोष्ट. कुकरसारख्या जुन्या उभ्या ऑटोक्लेव्हवर बहुधा दाबाचाच काटा असतो. १५ पाउंड दाब म्हणजे आत १२१ अंश, हे आम्ही कॉलेजात पाठ केलेलं. पण ते समुद्रसपाटीचं गणित. काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब, आणि इथली हवाच विरळ. त्यामुळे काटा १५ वर असताना आत जेमतेम ११८-११९ अंश असतात. इथे काटा १७ च्या आसपास न्यावा लागतो, अर्थात यंत्राची तेवढी क्षमता आहे ना हे बघूनच. शिवाय सुरुवातीला आतली हवा नीट बाहेर काढली नाही, तर दाब पुरेसा दिसतो आणि तापमान मात्र कमी राहतं. नवीन यंत्रं तापमान स्वतः मोजतात, तिथे उंचीचा प्रश्न बराचसा सुटतो. तरी डोंगरावरच्या ज्या दवाखान्यांत अजून काट्याचं यंत्र आहे, त्यांनी हे तपासाच.

काटा आणि यंत्राचा छापील रिपोर्ट ही तपासणीची पहिली पायरी. दुसरी पायरी रंग बदलणाऱ्या पट्ट्यांची. पाउचवरची खूण किंवा टेपवरचे काळे पट्टे एवढंच सांगतात की हे पाकीट यंत्रातून जाऊन आलंय. आतलं निर्जंतुक झालं, असा त्याचा अर्थ नाही. पेशंटला काळी खूण दाखवून "बघा, झालं स्टरलाइज" म्हणणं मला पटत नाही. पाकिटाच्या आत वेळ, तापमान आणि वाफ तिन्हींना जोखणारी पट्टी ठेवली तर भरवसा बराच वाढतो. व्हॅक्यूमच्या यंत्रासाठी सकाळी पहिली सायकल रिकामी चालवून बोवी-डिक टेस्ट करतो, हवा पूर्ण निघते का ते कळायला. दात कोरायचे हँडपीस आतून पोकळ असतात, तिथे अडकलेली हवा हाच खरा शत्रू.

पण जंतू मेले का, हे जंतूच सांगू शकतात. म्हणून तिसरी पायरी, स्पोअर टेस्ट. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी असते. आत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या स्पोअरची पट्टी आणि काचेच्या नळीत जांभळं द्रव. हे जंतू माणसाला त्रास देत नाहीत, पण वाफेला सगळ्यांत चिवट. कुपी पाकिटांच्या मधोमध, वाफ जिथे सगळ्यांत उशिरा पोचेल तिथे ठेवायची. सायकल संपून कुपी गार झाली की आतली काच दाबून फोडायची, कट् असा आवाज येतो, आणि द्रव पट्टीवर पसरतं. मग ५५ ते ६० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये एक-दोन दिवस. जांभळं राहिलं तर स्पोअर मेले, पिवळं झालं तर जिवंत आहेत. सोबत त्याच लॉटची, यंत्रात न घातलेली एक कुपी ठेवायची. ती पिवळी झालीच पाहिजे. नाही झाली तर टेस्टच खोटी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने दवाखान्यांना ही टेस्ट आठवड्यातून किमान एकदा करायला सांगितलंय, आम्हीही तोच नेम ठेवलाय.

मागच्या पावसाळ्यात आमची टेस्टची कुपी पिवळी झाली. काटा बरोबर, रिपोर्ट बरोबर, पट्टीही काळी. यंत्र लगेच बंद केलं. आधीच्या चांगल्या टेस्टनंतर निघालेलं प्रत्येक पाकीट असिस्टंट ताईंनी ड्रॉवरमधून बाहेर काढलं, तारखा लिहिलेल्या होत्या म्हणूनच ते जमलं. सगळा माल वाईला एका मित्राच्या दवाखान्यात पुन्हा ऑटोक्लेव्ह करून आणला, जे पेशंट पुढे ढकलता येत होते ते ढकलले. इंजिनिअरला सापडली दाराची गॅस्केट: रबर कडक होऊन खालच्या बाजूला केसाएवढी चीर. व्हॅक्यूमच्या वेळी तिथून हवा आत येत होती. गॅस्केट बदलल्यावर लागोपाठ तीन स्पोअर टेस्ट जांभळ्या आल्या, तेव्हाच यंत्र परत वापरात घेतलं.

पावसाळ्यात आणखी एक जपावं लागतं. ओलसर निघालेलं पाउच तसंच उचललं की ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत शिरतात. वाळवणीची सायकल पूर्ण होऊ द्यायची आणि ओलं निघालेलं पुन्हा ऑटोक्लेव्हला लावायचं, मग पेशंट कितीही वेळ थांबलेला असो. मध्येच लाइट गेली तर ती सायकल धरायची नाही, पहिल्यापासून सुरू करायची.

आमची नोंदवही वेटिंगमध्ये टेबलावरच असते. इथल्या बोर्डिंग शाळांच्या मेट्रन मुलांना घेऊन येतात, त्यातल्या एक जण दर वेळी ती उघडून शेवटच्या स्पोअर टेस्टची तारीख बघतात. तुम्हीही तुमच्या डेंटिस्टकडे हीच तारीख विचारा. टेस्ट करणाऱ्याला ती सांगायला आनंदच होतो.