मालगाडीवरून लोकलच्या कॅबमध्ये

कल्याण लॉबीत, म्हणजे चालकांच्या ड्युट्या लागतात त्या ऑफिसात, मी मालगाडीचा लोको पायलट, म्हणजे चालक होतो. कधी कंटेनर घेऊन दिवा-पनवेलमार्गे जेएनपीटी बंदराला, कधी कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडून घाट चढून इगतपुरीपर्यंत. मोटरमनच्या, म्हणजे लोकल चालवणाऱ्याच्या निवडीची नोटीस बोर्डावर लागली आणि मी अर्ज दिला. आता असिस्टंट लोको पायलटची तयारी करणारी गावाकडची पोरं मला सारखी विचारतात की लोकल चालवायला काय लागतं. त्यांच्यासाठी हे एकदा नीट लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. रूळ तेच, सिग्नल तेच, नियमांचं पुस्तकही तेच. तरी लोकलच्या कॅबमध्ये बसलं की तोच रस्ता पहिल्यापासून शिकावा लागतो, आणि सगळ्या प्रक्रियेत खरा वेळ त्यालाच जातो.

मोटरमन म्हणून बाहेरून थेट भरती होत नाही. आधी असिस्टंट, मग शंटिंग, मग मालगाडी आणि त्यानंतर इथपर्यंत, असा साधारण क्रम. निवड झाली की सायको, म्हणजे एकाग्रता, आठवण आणि प्रतिक्रियेचा वेग तपासणारी परीक्षा. त्यासोबत मेडिकल, त्यात डोळे आणि रंगांची ओळख सगळ्यात कडक. सायकोसाठी क्लास लावणारे आहेत, मी लावला नाही. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यायची, एवढंच मी सांगेन.

मग कारशेडमधला वर्ग. तिथे आम्हाला गाडी उघडून दाखवली. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटीहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीहून, कुर्ल्याला हार्बरच्या रुळांवरून देशातली पहिली विजेची गाडी गेली, तेव्हा वरच्या तारेत दीड हजार व्होल्ट डीसी होतं. मध्य रेल्वेच्या लोकलला ते २०१६पर्यंत पुरलं. आता सगळीकडे पंचवीस हजार व्होल्ट एसी आहे. ब्रेक लावला की मोटरीच जनरेटर होतात आणि वीज तारेत परत जाते. हे मला फार आवडलं होतं, अजूनही आवडतं. बारा डब्यांच्या रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या अख्ख्या गाडीत, तीन-तीन डब्यांची चार युनिटं असतात. एखादं युनिट बिघडलं तर ते वेगळं काढून बाकीच्यांवर गाडी पुढे न्यायची. वर्गातल्या सरांचा सगळा भर यावरच होता. बिघाड शोधत बसू नका, आधी सेक्शन, म्हणजे रुळाचा तो तुकडा, मोकळा करा. संध्याकाळच्या गर्दीत एक लोकल दहा मिनिटं अडकली की मागे पार दादरपर्यंत रांग लागते, आणि त्या रांगेतल्या प्रत्येक डब्यात माणसं उभी असतात.

वर्ग संपला की रोड लर्निंग. कॅबमध्ये जाणत्या मोटरमनच्या बाजूला उभं राहायचं आणि बघायचं. दिवसा, रात्री, स्लोवर, फास्टवर, अप आणि डाउन दोन्ही. मी ज्यांच्यासोबत सर्वांत जास्त फिरलो त्यांना सगळी लॉबी काका म्हणायची. निवृत्तीला आलेला माणूस. बोलायचे कमी, पण बोललं की लिहून घ्यावं असं.

मी दोनशे पानी वही केली होती. एकेक स्टेशन, त्याच्या अलीकडचे सिग्नल, सिग्नल डावीकडे की उजवीकडे, कुठल्या पुलामुळे तो उशिरा दिसतो, कुठे वळण, कुठे चढ-उतार, कुठे कायमची वेगमर्यादा. मालगाडीला प्लॅटफॉर्म कुठे सुरू होतो याच्याशी काही देणंघेणं नसतं. लोकलला सगळं त्यावरच. कुठल्या जागी ब्रेक धरला की गाडी बरोबर ‘१२ डबे’च्या पाटीशी उभी राहील, ही जागा प्रत्येक स्टेशनसाठी पाठ असावी लागते. डब्यांच्या जागा ठरलेल्या असतात. मुंबईतली बाई डोळे मिटून आपल्या डब्यासमोर उभी राहते. गाडी एक डबा पुढे गेली तर पिशवी आणि पोर घेऊन तिला गर्दीतून पळावं लागतं.

घाटकोपरच्या अलीकडे ब्रेकची खूण म्हणून मी एक मोठं होर्डिंग लिहिलं होतं. काकांनी वही घेतली, ती ओळ खोडली आणि म्हणाले, “होर्डिंग धरू नकोस रे. गणपतीत बदलतं, निवडणुकीत बदलतं. खांब धर.” ओव्हरहेड तारेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक असतो. त्या दिवसापासून माझ्या वहीत खांबांचे नंबर आले. कल्याण म्हणजे सीएसएमटीपासून चोपन्नाच्या आसपासचा आकडा, ठाणे तेहेतीस-चौतीस. काही दिवसांनी मला स्टेशनांच्या नावांऐवजी आकडेच आठवायला लागले.

प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा. चिंचपोकळी, करी रोड, परळ ही स्टेशनं इतकी लागून आहेत की गाडीने वेग धरला न धरला तोच सोडायची वेळ येते. ठाणं सोडलं की खाडीचा पूल, कळवा, मग मुंब्र्याची वळणं. फास्ट लोकल पूर्वी पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६चा तो बोगदा, सव्वा किलोमीटरहून जास्त लांब. २०२२मध्ये ठाणे-दिवा नव्या मार्गिका झाल्यावर फास्ट लोकलही मुंब्र्याकडून जायला लागल्या. कल्याणला कसारा आणि कर्जतचे रस्ते फुटतात. तिथे सिग्नलच्या रंगाबरोबर वरची पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळही बघायची, आपल्याला कुठला रस्ता दिलाय ते ती सांगते. आणि आसनगावच्या पुढे चढ. जाताना गाडी ओढत न्यायची, येताना तीच गाडी कसाऱ्याहून स्वतःच धावायला बघते. त्या उतारावर मालगाडीचा अनुभव मला खूप उपयोगी पडला.

उन्हाचंही वेळापत्रक असतं. सकाळी ठाण्याहून कल्याणकडे जाताना सूर्य समोर, संध्याकाळी डोंबिवलीहून परत येताना पुन्हा समोर. पिवळा की हिरवा हे काचेवरच्या उजेडात क्षणभर कळत नाही. म्हणून सिग्नल दिसायच्या आधी तो कुठे आहे हे माहीत असावं लागतं. नजर तिथे आधीच जाऊन थांबलेली हवी.

मालगाडीच्या इंजिनात दोघं असतो. सिग्नल दिसला की एकाने म्हणायचं “डबल पिवळा”, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. लोकलमध्ये मोटरमन एकटा. गार्ड, म्हणजे आताचा ट्रेन मॅनेजर, पार मागच्या टोकाला, अडीचशे मीटर लांब. त्याच्याशी बोलणं बेलवर. दोन बेल आल्या की निघायचं, एक आली की थांबायचं. मला ते एकटेपण सुरुवातीला जड गेलं. काका कॅबमध्ये एकटे असले तरी प्रत्येक सिग्नलकडे बोट करून मोठ्याने रंग म्हणायचे. त्यांच्या सगळ्या नोकरीत ही सवय सुटली नव्हती. मीही ती धरलीय. बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण तोंडाने म्हटलेला रंग डोक्यातून निसटत नाही.

मदतीला यंत्रणा आहेत. हँडल सतत दाबून ठेवावं लागतं. चक्कर येऊन हात सुटला तर गाडी आपोआप इमर्जन्सी ब्रेक घेते. एडब्ल्यूएस म्हणून एक यंत्रणा रुळातल्या चुंबकावरून सिग्नल ओळखते. पिवळ्याला आवाज देते, आपण काही सेकंदांत पोच दिली नाही तर ब्रेक लावते, लाल ओलांडला तर गाडी थांबवते. पण नुसत्या यंत्रणेच्या भरवशावर चालवणारा मोटरमन मी पाहिलेला नाही. लाल ओलांडणं म्हणजे नोकरीवरच येतं, आणि पुढे उभ्या गाडीत माणसं असतात. उपनगरी मार्गावर सिग्नल ऑटोमॅटिक असल्यामुळे एका लोकलच्या मागे दुसरी अगदी जवळून चालते. ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून मग पुढच्या गाडीवर नजर ठेवत हळूहळू सरकायचं. कॅबमधली सर्वांत लांब मिनिटं ती. मागे दोन-तीन हजार लोक घड्याळ बघत असतात आणि आपण फक्त समोर बघायचं.

ब्रेक हा या कामाचा गाभा आहे. गाडी वेगात न्यायला कुणीही शिकेल. रिकामी गाडी एका जागी थांबते, खच्चून भरलेली दुसऱ्या जागी. पहिल्या पावसात रुळावरची धूळ आणि तेल ओलं होतं आणि चाकं घसरतात. मग ब्रेक हलका आणि खूप आधीपासून धरायचा. काका ब्रेक धरायचे तो कळायचाच नाही, उभ्या माणसाचा हात दांडीवरून सुटत नसे. सीएसएमटीला रूळ संपतात, पुढे बफर आणि त्यापुढे माणसांची वर्दळ. तिथे प्लॅटफॉर्ममध्ये शिरताना त्यांचा हात मी खूप वेळा बघितला. शेवटचा डबाभर अंतर ते गाडी नुसती सरकू द्यायचे.

रुळावरच्या माणसांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रोड लर्निंगमध्येच एकदा आमच्या गाडीखाली माणूस आला. काकांनी हॉर्न धरून ठेवला होता, इमर्जन्सी लावला होता. तरी भरलेली लोकल जागच्या जागी थांबत नाही, कुणाच्याही हातून थांबणार नाही. त्यांनी गार्डला कळवलं, पुढच्या स्टेशनवर मेमो दिला आणि गाडी कर्जतपर्यंत वेळेत नेली. रनिंग रूममध्ये, म्हणजे चालक-गार्डच्या विश्रांतीच्या जागी, त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, “त्याने वर बघितलं होतं.”

लोकांना गाडी दिसत नाही असं नसतं. मोठी वस्तू समोरून येताना तिचा वेग माणसाला कमी वाटतो, त्यामुळे तेवढ्यात जाऊ असं वाटतं. वडाळ्याला काही वर्षांपूर्वी याच विचाराने रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले होते, म्हणजे ते किती झपाट्याने गाडीखाली जाताहेत यावरून वेगाचा अंदाज येईल. आणि एका लांब हॉर्नऐवजी मध्ये थोडी शांतता ठेवून दोन छोटे हॉर्न, कारण थांबून आलेल्या आवाजाने माणूस दचकून बघतो. मी तसाच हॉर्न देतो. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, पूल चढायला दोन मिनिटं लागतात. ती घ्या.

रोड लर्निंग संपल्यावर हँडल हातात मिळालं, आधी काकांच्या देखरेखीखाली, मग लोको इन्स्पेक्टर साहेबांसमोर. परीक्षेत साहेबांनी मला चालत्या गाडीत विचारलं, समोर दाट धुकं आहे असं समज, पुढचे तीन सिग्नल सांग. मी खांबांच्या नंबरासकट सांगितले. ते पुढे काही बोलले नाहीत. कल्याणला उतरल्यावर फॉर्मवर सही केली. कॉम्पिटन्सी सर्टिफिकेट हातात आलं त्या दिवशी आईला फोन केला. तिने विचारलं, आता तरी रात्री घरी असशील का? लोकलच्या लिंकमध्येही, म्हणजे ड्युटीच्या ठरलेल्या वेळापत्रकातही, पहाटेच्या ड्युट्या आहेत आणि कसारा-कर्जतला रनिंग रूममध्ये झोपणं आहे, हे तिला समजावून सांगितलं. मात्र मालगाडीसारखं कधी बोलावतील याचा नेम नाही असं राहिलं नाही. पुढच्या महिन्यात काय आहे ते आज माहीत असतं. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग मी पहिल्यांदा त्याच वर्षी बघितलं.

एकटा चालवायला लागल्यावर जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती आरशात दिसते. वळणावर गाडी वाकली की बाहेर लटकलेली माणसं दिसतात. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसं पडली, जीव गेले. त्या वळणाच्या अलीकडे माझा हात आता जरा आधीच सावध होतो, पण लटकलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? एसी लोकलमध्ये सगळे दरवाजे बंद झाल्याशिवाय गाडी सुटतच नाही. त्या रेकच्या ट्रेनिंगला मी नाव दिलंय. पण एसीचं भाडं प्रत्येकाला परवडत नाही. साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे, हवा खेळती ठेवणाऱ्या झडपा आणि डब्यातून डब्यात जायची वाट असेल, असं मुंब्र्याच्या अपघातानंतर जाहीर झालं आहे. त्या गाड्या लवकर आल्या पाहिजेत, आणि पहिल्यांदा कसारा-कर्जतच्या फेऱ्यांना मिळाल्या पाहिजेत. तिकडे एक लोकल चुकली की पुढची फार उशिरा असते, म्हणून माणूस आहे त्या दारात पाय रोवतो.