शेळीच्या केसांचा ब्रश आणि बोअरचे पाणी : माझा अनुभव

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचे जुने घर आहे आणि गेली काही वर्षे नवरात्रात गरब्याला निघण्यापूर्वी घरातल्या आणि शेजारच्या मुली माझ्याकडूनच मेकअप करून घेतात. हा माझा व्यवसाय नाही. परंतु एका संध्याकाळी पाच-सहा चेहऱ्यांवरून तेच ब्रश फिरतात, त्यामुळे ते स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी माझीच आहे. एका वर्षी चौथ्या माळेला माझ्या भाचीच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने बारीक लाल पुरळ उठले. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा औषध लिहून देण्याआधी त्या बाईंनी मला विचारले, "ब्रश शेवटचे कधी धुतले होते?" मला उत्तर देता आले नाही. पुरळ ब्रशमुळेच उठले असे त्या म्हणाल्या नाहीत, कारण मैदानातली धूळ आणि घामही होताच. तरी घरी आल्यावर मी फाउंडेशनचा ब्रश ओल्या पांढऱ्या पंच्यावर घासून पाहिला आणि पंच्यावर उमटलेला तपकिरी, तेलकट डाग पाहून फार वाईट वाटले.

त्याच रात्री सगळे ब्रश धुवायला काढले आणि घाईत दोन चुका केल्या. बादलीत बोअरचे पाणी घेऊन अंगाला लावायच्या साबणाची वडी ब्रशवर घासली आणि धुऊन झाल्यावर सगळे ब्रश केस वर करून पेल्यात उभे ठेवले. सकाळी ते राठ झाले होते, त्यांच्यावर पांढुरका थर आला होता आणि पावडरच्या मोठ्या ब्रशचे केस गालावर फिरवताच झुपक्यांनी गळू लागले. हा ब्रश शेळीच्या केसांचा होता आणि मी तो स्वतःच्या पैशांतून हौसेने घेतलेला पहिला चांगला ब्रश होता.

पांढऱ्या थराचे कारण शाळेत शिकलेल्या 'दुष्फेन पाण्या'त होते. आमच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत. साबणाशी त्यांचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसांना चिकटून बसतो. शाम्पूत साबण नसून डिटर्जंटच्या जातीचे घटक असतात, त्यांचा असा साका होत नाही. महानगरपालिकेचे पाणी मात्र पुष्कळ मऊ असते. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचे आणि मही नदीकाठच्या विहिरींचे पाणी शहराला मिळते. म्हणून आता सकाळी नळाला पाणी आले की एक कळशी ब्रशसाठी वेगळी भरून ठेवते. राठ झालेले ब्रश मी तांब्याभर पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून त्यात केसांची टोके बुडवून खंगाळले, मग शाम्पूने धुतले, तेव्हा त्यांचा बराचसा मऊपणा परत आला.

केस गळण्याचे कारण दुसऱ्या चुकीत होते. ब्रशचे केस आणि लाकडी दांडी ज्या धातूच्या नळीत बसवलेली असतात, तिच्या आत गोंद असतो. ब्रश उभा ठेवला की पाणी उतरून त्या नळीत साचते, गोंद सैल होतो आणि लाकूडही फुगते. त्यामुळे धुताना ब्रशचे तोंड सतत खाली ठेवावे आणि पाणी फक्त केसांच्या टोकांकडच्या भागाला लागू द्यावे, हा नियम मी आता कधीच मोडत नाही.

गरब्यासाठी लावलेले फाउंडेशन घामाने उतरू नये म्हणून मुद्दाम जलरोधक घेतलेले असते, त्यामुळे नुसत्या शाम्पूला ते दाद देत नाही. अशा ब्रशच्या टोकांना आधी दोन थेंब खोबरेल लावून कागदी रुमालावर हलकेच घासते, कारण तेलातला रंग तेलातच सुटतो. मग तळहातावर लहान मुलांच्या सौम्य शाम्पूचा एक थेंब आणि थोडे कोमट पाणी घेऊन त्यात ब्रश गोल फिरवते. पहिला फेस बदामी निघतो, दुसरा फिकट, आणि तिसऱ्यांदा तो पांढराच राहिला की ब्रश धुतला गेला असे समजते. तेलाचा अंश राहिला तर पुढच्या वेळी फाउंडेशन चेहऱ्यावर ठिगळासारखे बसते, म्हणून येथे कंटाळा करून चालत नाही. भांड्यांचे द्रव साबण चिकटपणा झटकन काढतात, पण ते मी फक्त कृत्रिम तंतूंच्या ब्रशला वापरते. शेळीचा केस आपल्या केसासारखाच असतो, त्याच्यावर बारीक खवले असतात आणि पावडर त्यांतच धरली जाते. तीव्र साबणाने तो कोरडा पडतो आणि तुटतो.

सासूबाई आपला शालू रिठ्याच्या पाण्यात धुतात. त्यांनी सुचवले म्हणून मी शेळीच्या केसांचा ब्रश रिठ्याने धुऊन पाहिला. बोअरच्या पाण्यातही त्याला छान फेस आला आणि पावडर पूर्ण निघून केस मऊ राहिले. फाउंडेशनच्या ब्रशवर मात्र त्याचा पाड लागला नाही. शिवाय रिठा डोळ्यांना फार झोंबतो, त्यामुळे काजळाच्या आणि आयशॅडोच्या ब्रशला मी तो लावत नाही.

खरी कसोटी वाळवण्याची आहे आणि तिला मी धुण्याइतकेच महत्त्व देते. पावसाळा पुरता सरलेला नसताना हवेत दमटपणा असतो आणि दाट केसांचा ब्रश आतून ओला राहिला तर त्याला कुबट वास येतो. ब्रश पिळायचा नाही. जुन्या सुती पंच्यात केस धरून हलके दाबायचे, बोटांनी त्यांना मूळ आकार द्यायचा आणि टेबलाच्या कडेवर दांडी ठेवून केस हवेत राहतील अशा बेताने पंख्याखाली आडवे ठेवायचे. टेबलावर जागा कमी पडली तर दांड्या चिमट्यात धरून, केस खाली करून, कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगते. आमच्याकडे गच्चीला अगाशी म्हणतात, तेथे कडक उन्हात ठेवण्याचा मोह होतो. परंतु ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही मी टाळते, कारण उष्णतेने गोंद सुटतो आणि कृत्रिम तंतू वाकडे होतात. डोळ्यांचे लहान ब्रश रात्रीत वाळतात, पावडरच्या मोठ्या ब्रशला पूर्ण दिवस लागतो.

अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी दर 7 ते 10 दिवसांनी ब्रश धुण्याचा सल्ला देते. एरवी मी तेवढेच पाळते. नवरात्रात मात्र दोन संच ठेवून ते आलटून पालटून वापरते. स्पंज प्रत्येक मुलीने स्वतःचा आणायचा, कारण तो आतपर्यंत ओला राहतो आणि एकाचा दुसरीला देण्यासारखा नसतो. दोन चेहऱ्यांच्या मध्ये कृत्रिम केसांच्या ब्रशवर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारते. शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जाते. त्यात पाणी असले की ते जंतूंवर जास्त वेळ टिकते आणि अधिक परिणाम करते. हे काम मी देवघराजवळ कधीही करत नाही, कारण घट बसलेले असतात, नऊ दिवस अखंड नंदादीप तेवत असतो आणि अल्कोहोलची वाफ सहज पेट घेते. मागच्या खोलीत खिडकी उघडून फवारते आणि ब्रश पूर्ण कोरडा झाल्यावरच चेहऱ्याला लावते.

शेळीच्या केसांचा तो ब्रश मी टाकला नाही. त्याचे निम्मे केस गेले आहेत, पण उरलेल्यांनी गालावर गुलाल लावल्यासारखा ब्लश हलकाच पसरतो, म्हणून आता तो त्याच कामाला ठेवला आहे. सप्तमीच्या रात्री त्याला धुते, म्हणजे खंडेनवमीपर्यंत तो नक्की वाळलेला असतो. त्या दिवशी सासऱ्यांची हत्यारे आणि माझी शिवणाची कात्री ज्या पाटावर पूजेला मांडली जाते, त्याच पाटावर ब्रशही ओळीने मांडते. हळदकुंकू मात्र दांडीलाच लावते, केसांना लागू देत नाही.