वनस्पती तेलावरचं इंजिन: अ‍ॅडिटिव्हच्या बाटलीचा हिशेब

वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालवणाऱ्या आपल्या मंडळींत कोणी नवीन आलं की इंजिन कोणतं, तेल कुठलं हे राहतं बाजूला; पहिला प्रश्न येतो, "तेलात घालता काय?" सध्या माझं उत्तर "काही नाही" असं आहे. ते का, त्याची ही नोंद.

नवीन मंडळींसाठी मांडणी थोडक्यात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मामांच्या गाळ्यामागच्या शेडमध्ये राजकोटचं लिस्टर पद्धतीचं सहा एचपीचं इंजिन आहे. 650 आरपीएम, पाण्यावर थंड होणारं, इनडायरेक्ट इंजेक्शनचं (इंधन आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं). पट्ट्यावर तीन केव्हीएचा अल्टरनेटर आणि लोडला हॅलोजनची फळी. टाक्या दोन. चालू करायचं डिझेलवर, पाणी तापलं की कॉक फिरवून तेलावर जायचं आणि बंद करायच्या आधी पुन्हा डिझेलवर यायचं, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल मागे राहत नाही. तेल नौपाड्यातल्या एका फरसाणवाल्यांकडचं, वापरून झालेलं पामोलीन. रस्त्यावरच्या गाडीत हे करत नाही आणि कॉमन रेल (आजच्या गाड्यांतल्या, फार मोठ्या दाबाने इंधन फवारणाऱ्या) इंजिनवाल्यांनी तर हा विचारही मनात आणू नये.

तेलात घालायच्या औषधाची, म्हणजे अ‍ॅडिटिव्हची, बाटली एका ओळखीच्यांनी आणून दिली. नाव लिहीत नाही, कारण अशा बाटल्या सगळ्या एकाच छापाच्या असतात. लेबलवर लिहिलं होतं: तेल डिझेलसारखं पातळ होतं, सिटेन (इंधन किती चटकन पेटतं त्याचा आकडा) वाढतो, कार्बन साफ होतो आणि इंजिनात कसलाही बदल लागत नाही. प्रमाण शंभर लिटरला एक लिटर.

या प्रमाणावरच माझं घोडं अडलं. 40 अंश सेल्सिअसला पामोलीनची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, 40 सेंटिस्टोकच्या (जाडपणा मोजायचं एकक) आसपास असते. बीएस-6 डिझेलला मर्यादा आहे 2 ते 4.5. म्हणजे तेल डिझेलपेक्षा दहापट जाड. दोन द्रव मिसळले की मिश्रणाची व्हिस्कॉसिटी ढोबळमानाने लॉगरिदमच्या हिशेबाने येते. बाटलीत अगदी पातळ, 1 सेंटिस्टोकचा सॉल्व्हंट आहे असं धरलं, तरी एक टक्का घालून 40 चे साडेअडतीस होतात. साडेचारवर आणायचे असतील तर टाकीत जवळपास साठ टक्के सॉल्व्हंट ओतावा लागेल. मग त्याला अ‍ॅडिटिव्ह कशाला म्हणायचं? इंधनच तो झाला! हाच हिशेब डिझेल मिसळण्याचा केला तर साधारण पंधरा टक्के तेल आणि पंच्याऐंशी टक्के डिझेल इथपर्यंत मिश्रण मर्यादेत राहतं.

विकणाऱ्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं: "हा सॉल्व्हंट नाही, कॅटलिस्ट आहे, तेलाचा रेणूच तोडतो." बरं, तोडत असेल तर ग्लिसरीन कुठे गेलं? तेलाचं बायोडिझेल करताना मेथनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून रेणू खरोखर तोडतात, तेव्हा शंभर किलो तेलामागे दहा किलोच्या आसपास ग्लिसरीन सुटतं आणि जड म्हणून तळाशी बसतं. मी काचेच्या उभ्या बरणीत तेल घेऊन बाटलीवरच्या प्रमाणात हे औषध घातलं, चांगलं ढवळलं आणि बरणी कपाटावर ठेवून दिली. तळाशी पुरीच्या पिठाचा नेहमीचा गाळ बसला. बाकी काही नाही.

यानंतर नोझल टेस्टर, म्हणजे नोझलचा फवारा तपासायचा हातपंप. शेजारच्या गल्लीत पंप-कॅलिब्रेशन करणारे काका आहेत. माझं हे तेलाचं खूळ त्यांना अजिबात पसंत नाही, पण हाताने टेस्टर मारायची हौस दांडगी. आधी टेस्टरमध्ये साधं, थंड पामोलीन घातलं. दांडा दाबला तर नोझलमधून सरळ काडीसारखी धार निघाली, समोरच्या पत्र्यावर आपटली आणि ओघळली. फवारा नाहीच. आवाजही फुसका, चांगलं नोझल करकरतं, तसं काही नाही. मग टेस्टर धुऊन औषध घातलेलं तेल घेतलं. तीच धार, तोच ओघळ. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता पुढची बाटली कुठली आणतोयस?" मी म्हटलं, "काका, आता नुसतं तापवून बघू." तेच पहिलं तेल, त्यात काही न घालता, स्टोव्हवर 80 अंशांच्या वर तापवून ओतलं. दांडा दाबल्याबरोबर नोझल करकरलं आणि धारेचा शंकू झाला. डिझेलइतकं बारीक धुकं नव्हतं, कडेला थोडे जाडसर थेंब होते, पण फवारा होता. काकांनी आणखी दोनदा मारून पाहिलं, म्हणजे त्यांना पटलं असावं. (फवाऱ्यासमोर बोट कधीही आणू नका. त्या दाबाला तेल कातडीतून आत शिरतं आणि थेट ऑपरेशनची वेळ येते.)

आकड्यांतही हेच दिसतं. 80 अंशांना पामोलीन 12-13 सेंटिस्टोकवर येतं. एक टक्का औषधाने दीड सेंटिस्टोक कमी होतात, चाळीस अंश तापवल्याने सत्तावीस. आणि ती उष्णता इंजिन नाहीतरी पाण्यात आणि धुरात फुकट घालवतच असतं.

लोडची चाचणी करताना एक पथ्य पाळलं, तेवढं सगळ्यांनी पाळावं. एकाच पिंपातलं तेल दोन सारख्या कॅनमध्ये भरलं. औषध कुठल्यात घालायचं ते भाच्याने ठरवलं आणि मला सांगितलं नाही. दोन किलोवॉटचा लोड, अर्धा लिटर मोजून, किती वेळ चालतं ते पाहायचं. पण त्याआधी एकाच कॅनमधल्या तेलावर पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं, आणि त्यातच वेळ पुढेमागे होतो हे कळलं. पाणी किती तापलंय, पट्टा किती ताणलाय, व्होल्टेज किती आहे, सगळ्याचा परिणाम होतो. दोन कॅनमधला फरक या पुढेमागेपेक्षा कमी निघाला. "औषध घातलं आणि अ‍ॅव्हरेज वाढलं" असं सांगणाऱ्यांनी औषधाशिवाय दोनदा मोजलेलं असतं का, हे मी हल्ली आधी विचारतो.

अ‍ॅडिटिव्ह सरसकट थोतांड आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. 2-इथाइलहेक्झिल नायट्रेटने सिटेन खरोखर वाढतो. रिफायनऱ्याही ते वापरतात, आणि बहुतेक वनस्पती तेलांचा सिटेन पस्तीस-चाळीसच्या घरात असल्याने त्याला तिथे जागाही आहे. टीबीएचक्यूसारखा अँटिऑक्सिडंट साठवणीतल्या तेलाला जपतो. माझी तक्रार वेगळी आहे. बाटलीत यांपैकी काय आहे आणि किती, हे लेबलवर नसतं. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे घटक आणि धोके सांगणारा कागद, मागा. मी मागितली, बऱ्याच पाठपुराव्यानंतर आली. त्यात मुख्य घटक "पेट्रोलियम डिस्टिलेट", म्हणजे रॉकेलच्या भाऊबंदांपैकी काहीतरी. बाकी सगळं "व्यापारी गुपित". अशा बाटलीला लिटरमागे 600 रुपये मोजले तर टाकीतल्या प्रत्येक लिटरवर सहा रुपये चढतात.

1900 च्या पॅरिस प्रदर्शनाचा दाखलाही विकणारे हमखास देतात. तिथे छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं, हे खरंच आहे. पण स्वतः रुडॉल्फ डिझेल यांनी 1912 मध्ये सांगितलं ते असं, की खनिज तेलासाठी बांधलेलं ते इंजिन काहीही बदल न करता चाललं, म्हणजे वनस्पती तेलासाठी ते बनवलेलंच नव्हतं. शिवाय काही तास चालणं आणि हजार तास चालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नोझलच्या टोकावर कार्बन, रिंगा चिकटणं, सम्पमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल घट्ट होणं, हे सगळं सावकाश येतं.

आणि या सावकाश येणाऱ्या दुखण्यांवर उपाय तेलाच्या निवडीतच जास्त आहे. आयोडीन व्हॅल्यू (तेल किती असंतृप्त आहे त्याचा आकडा) जितकी जास्त तितकं तेल गरम जागी रंगासारखं सुकून चिकटतं. सोयाबीन आणि सूर्यफूल 120-140 पर्यंत जातात, शेंगदाणा शंभरच्या अलीकडे-पलीकडे, पामोलीन साठाच्या आसपास. जर्मनीच्या डीआयएन 51605 या मानकात रेपसीड तेलासाठी कमाल मर्यादा 125 आहे. पामोलीनची अडचण एवढीच की ते गारठ्यात गढुळतं, पण ठाण्याची थंडी ती किती! जानेवारीत पहाटे कॅनच्या तळाशी पांढरट थर दिसतो, तो ऊन आल्यावर जातो. परदेशी बाटल्यांवरचा "हिवाळ्यातही वाहतं" हा गुण आपल्याकडे बिनकामाचा.

फरसाणवाल्यांचं तेल घेताना ते किती तळलंय ते बघा. एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) टोटल पोलर कंपाउंडची, म्हणजे तळून तळून तेलात साचणाऱ्या बिघडलेल्या घटकांची, मर्यादा 25 टक्के ठेवली आहे. त्यापुढचं तेल खाण्यात वापरायचं नाही, म्हणून ते आपल्याकडे किंवा बायोडिझेलवाल्यांकडे येतं. आम्लता मोजायला मी फिनॉल्फ्थॅलीन या नेहमीच्या रंगसूचकाऐवजी हळद वापरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेल, चिमूटभर हळद, आणि लिटरला एक ग्रॅम कॉस्टिकचं पाणी थेंब थेंब. पिवळ्याचं लाल झालं की थांबायचं. पाण्यासाठी तव्याची परीक्षा. तापल्या तव्यावर थेंब टाका. तडतडला तर ते तेल टाकीत जाणार नाही.

आता बदल काय चाललाय ते. तेल तापवायच्या कॉइलला तांब्याची नळी लावू नका. तांबं आणि पितळ तेलाचं ऑक्सिडेशन वाढवतात, आतून चिकट राळ धरते. माझी कॉइल स्टेनलेसची करून घेतोय, होज व्हिटॉनचे (तेल आणि उष्णता सोसणारं रबर). लोड निम्म्याखाली येऊ देत नाही, कारण थंड सिलेंडरमध्ये कार्बन जास्त धरतो. इंजिन ऑइल डिझेलवर चालवताना जितक्या तासांनी बदलायचो, त्याच्या निम्म्यात बदलतो.

ऐरोली-घणसोलीकडे कोणी शेंगदाण्याच्या तेलावर चालवत असेल तर नोझलच्या टोकाचे फोटो पाठवा, लोड आणि तेलाचं तापमान लिहून. बाटली वापरत असाल तर सोबत डेटा शीटही जोडा.